कणकेचं यकृत

सोमवार, १५ नोव्हेंबर १९४३. कांचघर, जबलपूर.

श्रीगजानन प्रसन्न. आज पोचलेलं सामान: लोखंडी ट्रंका दोन, वळकटी एक, जातं एक (दोन्ही तळ्या शाबूत), पितळी डबे सात, देवांची पेटी, स्टोव्ह, बेबीची लाकडी बाहुली. रेल्वेचा वजनाचा आकार दोन रुपये तेरा आणे. हमाल सहा आणे, मागत होता दहा. टांगा सव्वा रुपया. इथे येऊन मातीची शेगडी तीन आणे, केरसुणी दीड आणा. एकंदर चार रुपये साडेअकरा आणे. ह्यांनी पत्रात सहा रुपये धरा म्हणून लिहिलं होतं, म्हणजे पहिल्याच दिवशी वाचले.

अमरावतीहून निघताना सासूबाई रडल्या, अच्युतभावजी स्टेशनवर बेबीला खांद्यावर घेऊन फलाटभर पळाले. इकडे मात्र सगळं छान आहे. दोन खोल्या आणि स्वैपाकघर, अंगणात नळ, नळाशी पेरूचं झाड. हे दोन महिने खाणावळीत जेवून वाळले होते, आज गरम वरणभात पाहून लहान मुलासारखे हसले. कारखान्यात बारुद भरायच्या शेडमध्ये सुपरवायझर आहेत. लढाई आहे तोवर नोकरीला मरण नाही, म्हणाले.

घरमालकीण अंजनीबाई. विधवा, सत्तरीच्या. भोसल्यांच्या फौजेबरोबर यांचे पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. मराठी बोलतात, पण तीत निम्मी हिंदी. मला पाहून म्हणाल्या की अच्छा, मॅट्रिक पास बहू आली, आता आमच्या घरात अंग्रेजी चहा होईल. स्वैपाकघराच्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात त्यांची देवी. भाडेकरूंनीच रोज दिवा लावायचा, असा करार. मला कसली अडचण? देवी म्हणजे हातभर काळा दगड. नाक-डोळे झिजून गेलेत, तोंड तेवढं राहिलंय. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला.

ह्या वहीच्या उजव्या पानावर जमाखर्च, डाव्या पानावर दिवसाच्या चार ओळी. कागद महाग आहे, म्हणून पत्रांचे कच्चे खर्डेही इथेच.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर.

नेपियर टाउनमध्ये बायकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग निघालाय. बॉम्ब पडले तर जखमा बांधता याव्यात म्हणून. फी नाही, वर चहा मिळतो. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी. बेबीला घेऊन गेले.

शिकवणारे डॉक्टर विष्णुपंत. पेन्शनर, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. भिंतीवर पुरुषभर उंचीचा एक कागदी माणूस टांगलाय. त्याची छाती दारासारखी उघडते. आत बरगड्या, बरगड्यांचं दार उघडलं की फुफ्फुसं, ती बाजूला केली की हृदय, खाली यकृत, जठर, प्लीहा, मागे मूत्रपिंडं. प्रत्येकाचं नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. तो उघडाच असल्याने पुढच्या ओळीतल्या दोघी-तिघींनी पदर तोंडावर घेतला. डॉक्टर म्हणाले की बायांनो, याचं कातडंच काढलंय, आता धोतर नेसवून काय झाकणार?

मला फार गोडी लागली. आपण पोट पोट म्हणतो त्यात किती बिऱ्हाडं राहतात! सर्वांत मोठं यकृत. उजव्या बरगड्यांखाली, मोठ्या माणसाचं दीड शेर भरतं. उजवा भाग थोरला, डावा निमुळता, मध्ये खोबण, खालच्या अंगाला पित्ताची पिशवी. खाल्लेलं अन्न आधी इथे येतं, इथे निवडलं जातं, साठवलं जातं, विष असेल ते इथे मारलं जातं. रक्त गोठायला जे लागतं तेही इथेच तयार होतं. मी उठून म्हटलं की म्हणजे हे घरातलं कोठीघर. डॉक्टर खूश झाले. म्हणाले की बरोबर, आणि कोठीघर रिकामं झालं की दिवाणखान्यात कितीही झुंबरं असू देत.

बुधवार, २४ नोव्हेंबर.

काल वर्गात ठोकून बघायला शिकवलं. डावा तळवा अंगावर सपाट ठेवायचा आणि त्याच्या मधल्या बोटावर उजव्या बोटाने टकटक करायचं. फुफ्फुसावर पोकळ आवाज येतो, यकृतावर भरीव, ठस्स. हे मला कोण शिकवणार! डब्यात डाळ किती उरली ते मी झाकण न उघडता असंच सांगते.

घरी ह्यांना सदरा काढायला लावून पाहिलं. छातीवर पोकळ, उजवीकडे बरगड्यांवर आलं की ठस्स. माझा अख्खा तळवा मावेल एवढी जागा भरलेली. ह्यांना गुदगुल्या होत होत्या. बेबीनेही आपलं पोट पुढे केलं. तिचंही वाजवलं, तिची जागा चार बोटं. हे म्हणाले की तपासणीची फी किती झाली डॉक्टरीणबाई? मी म्हटलं उद्या भाजी आणा, फिटली.

ह्यांचे तळवे मात्र पिवळे झालेत. साबणाने जात नाही. उशीचा अभ्राही पिवळा. शेडमधल्या सगळ्यांचं असंच आहे, तिथे एकमेकांना दूल्हेराजा म्हणतात म्हणे. हळद लागलेले नवरदेव.

मंगळवार, ३० नोव्हेंबर.

ह्यांचे डोळे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी. चार दिवस अन्न जात नाही, उजव्या कुशीत दुखतं. ह्यांच्याच शेडमधले बापू म्हणून होते, इथे दोनदा जेवून गेलेले, तेही असेच पिवळे झाले होते. ते रविवारी गेले. त्यांच्या जागी सोमवारी दुसरा माणूस हजर.

वर्गानंतर विष्णुपंतांना घरी घेऊन आले. त्यांनी दाबून पाहिलं. यकृत सुजून बरगडीखाली दोन बोटं उतरलंय. बारुदीचं विष. तूप-तेल बंद, गहू बंद, तांदळाची पेज आणि उसाचा रस. मला अंगणात बोलावून म्हणाले की तू हुशार आहेस म्हणून सांगतो, दहा दिवसांत उतरलं तर उतरलं.

रामरक्षेची अकरा आवर्तनं केली.

बुधवार, १ डिसेंबर.

अंजनीबाई सकाळी दारात आल्या. म्हणाल्या की काहून रडून राहिली बाई, घरात आई बसलीय आणि तू डॉक्टरला हात जोडून राहिली? मग त्यांनी इथली रीत सांगितली.

जे दुखत असेल ते कणकेचं करायचं. ज्याचं दुखणं त्याचा हात कणकेला लावायचा, कारण आई नाव ऐकत नाही, बोट ओळखते. दिवेलागणीला कोनाड्यात ठेवायचं. रात्रीतून आई दुखणारा अवयव अंगातून उचलून कणकेत ठेवते. सकाळी ते ग्वारीघाटाला नेऊन नर्मदेत सोडायचं. नर्मदा ते धुऊन नवं करते आणि नऊ दिवसांत ज्याचं त्याला परत देते. त्यांच्या सासूचा गुडघा असा बरा झाला, शेजारच्या ठाकुराइनचं पोट असं बरं झालं. कुणी गोळा करतं, कुणी चेंडू. आई समजून घेते.

मला मात्र गोळा करवेना. देवापुढे ठेवायचं ते नीट नको का? कागदी माणसाचं यकृत मला डोळे मिटून दिसतं. पावशेर कणीक घेतली, रेशनात तेवढीच काढता येत होती. उजवा भाग थोरला, डावा निमुळता, मध्ये खोबण, खालून पित्ताच्या पिशवीची खोच अंगठ्याने केली. पाण्याचा हात फिरवून तुकतुकीत केलं. ह्यांच्या उशाशी नेलं, ह्यांनी पिवळा तळवा वर टेकला. बोटं उमटली.

अंजनीबाईंनी ते वरून-खालून निरखलं. म्हणाल्या की पन्नास बरसांत ह्या कोनाड्यात इतकं बराबर कुणी ठेवलं नाही.

गुरुवार, २ डिसेंबर.

आज एक गोष्ट केली, ती इथे लिहून ठेवते. चूक की बरोबर ते देव जाणे.

सकाळी कोनाड्यातून उचलायला गेले तर उचलेना. पावशेर कणकेचं, हाताला दीड शेर लागलं. वर पातळ साय धरल्यासारखी, रंगही काळपट. हे शांत झोपले होते, आठ दिवसांत पहिल्यांदा.

ग्वारीघाट दूर. ह्यांना एकटं टाकून जायचं, बेबीला बरोबर घ्यायचं, जाऊन-येऊन टांगा. तेही केलं असतं. पण हातात एवढी कणीक, आणि पेपरात रोज बंगालच्या बातम्या, माणसं पेज मागत रस्त्यावर मरतायत. अन्न हे पूर्णब्रह्म. ते माशांना घालायचं? देवापुढे ठेवलं तो नैवेद्य झाला आणि नैवेद्य पाण्यात टाकत नाहीत, प्रसाद म्हणून खातात. आमच्याकडे तरी हीच रीत.

पुन्हा मळली आणि पोळ्या लाटल्या. पावशेराच्या अकरा झाल्या! आईची बरकत, दुसरं काय. ह्यांना गहू वर्ज्य, म्हणून मी आणि बेबीने खाल्ल्या, दोन वेळा पुरल्या. तव्याचा की कशाचा जरा लोखंडी वास होता. बेबीने आणखी मागितली.

अंजनीबाईंनी विचारलं की सोडलंस? मी हो म्हटलं.

रविवार, ५ डिसेंबर.

डोळे पांढरेशुभ्र! कूस दुखत नाही. सकाळी उठून स्वतः दाढीला पाणी मागितलं. तळव्यांचा पिवळेपणासुद्धा गेला. गूळखोबरं वाटलं. हे उद्या कामावर जाणार. विष्णुपंतांना निरोप धाडला, त्यांनी उलट निरोप दिला की बाई, तुमच्या उसाच्या रसाला माझा नमस्कार सांगा.

गुरुवार, ९ डिसेंबर.

ह्यांची भूक भयंकर वाढलीय. सकाळी आठ पोळ्या, डब्यात आठ, आल्यावर भात. तरी अर्ध्या तासात हात थरथरतात, घाम येतो, डोळे फिरतात. गुळाचा खडा तोंडात टाकला की पुन्हा हसायला लागतात. खाल्लेलं कुठे साठतच नाही असं वाटतं.

सोमवारी दाढी करताना हनुवटीला वस्तरा लागला. ते रक्त दुपारपर्यंत थांबलं नाही. आज चौथा दिवस, चादरीवर ठिपके आहेतच. दंडाला मी नुसतं धरलं तर जांभळा डाग उठला, माझी पाचही बोटं मोजता येतील असा.

संध्याकाळी हे जरा आडवे झाले तेव्हा मी तळवा ठेवला. छातीवर पोकळ. बरगड्यांवर आले. पोकळ. आणखी खाली. पोकळ. परत वरपासून सुरुवात केली. उजवी कूस, डावी कूस, पुन्हा उजवी. सगळीकडे तोच आवाज. महिनाअखेरच्या डब्याचा.

शुक्रवार, १० डिसेंबर.

वर्गात सहज विचारल्यासारखं विचारलं की डॉक्टर, यकृत अजिबात नसलं तर? सगळ्या हसल्या. विष्णुपंत म्हणाले की मग दोन दिवस, फार तर तीन. अन्न साठत नाही, रक्त गोठत नाही, विष डोक्यात चढतं. माणूस आधी भलतंसलतं बोलतो, मग झोपतो, मग उठत नाही. वर म्हणाले की तो सायकल मारत कारखान्यात जाणार नाही एवढं नक्की.

हे सायकलवर गेलेत. आज आठवा दिवस आहे.

आई धरून ठेवतेय. नऊ दिवस धरते. नदीने परत द्यायला लागतात तेवढे.

शनिवार, ११ डिसेंबर.

अंजनीबाईंच्या पाया पडून खरं सांगितलं.

आधी त्या हसल्या. तोंडात दात नाहीत, हसू संपेचना. म्हणाल्या की नवऱ्याचं काळीज खाणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या, पण लाटून, भाजून खाणारी तूच. टांग्याचे पैसे वाचले ना? मी म्हटलं आता परत कसं मिळेल ते सांगा. म्हणाल्या की नदीत गेलं असतं तर नदीने दिलं असतं. तुझ्या पोटात गेलं, दुसऱ्या दिवशी मोरीत गेलं. पचलं ते परत येत नाही. जा, मोरीत शोध.

मी त्यांचा पाय सोडला नाही. मग सांगितलं. आज संध्याकाळपासून आई हात सैल करेल. त्याच्या जागी दुसरं बसवता येतं, पण रक्ताचं हवं. बापाचं, भावाचं, लेकराचं. माझं चालणार नाही, बायको परक्या रक्ताची. तसंच कणकेचं करायचं, त्या माणसाचं बोट लावायचं, सकाळी पोळ्या करून ह्यांना खाऊ घालायच्या. ज्याचं जाईल त्याचं गेलं. ते नदीत सोडता येणार नाही.

बेबी अंगणात पेरूखाली खेळत होती. अंजनीबाई तिच्याकडे पाहून म्हणाल्या की छोटी है, पर है तो उसी की. आणि मला विचारलं की आज भाजी काय केलीस.

रविवार, १२ डिसेंबर.

हे आज घरी. सकाळपासून वेगळंच बोलतात. बापू आला होता, त्याला जेवायला वाढ, असं दोनदा म्हणाले. मला सासूबाई समजून आई म्हणाले.

दुपारी ह्यांनी बेबीला मांडीवर घेतलं. तिचा झगा वर करून पोटावर तळवा ठेवला आणि बोटाने वाजवलं, मी वाजवते तसं. तिला हसू येत होतं. ह्यांनी कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले की हिचं भरलेलं आहे गं.

मी बेबीला ओढून घेतलं आणि स्वैपाकघरात नेऊन कडी लावली. हे बाहेर दाराशी बसून राहिले. नुसतं बोटाने दार वाजवत होते.

तोच दिवस, रात्री.

ठरवलं.

अच्युतभावजींचं पत्र गुरुवारी आलं होतं. वहिनी, तिकडे लढाईच्या मालात फाउंटन पेन स्वस्त मिळत असेल तर धाडा. आखाड्यात ह्या महिन्यात तिघांना चीत केलं. बेबीला पापा. खाली शाईत बरबटलेला अंगठा उमटलाय, सगळ्या रेघा दिसतात.

भाऊ तो भाऊच. लग्न झालेलं नाही. मागे बायको नाही, लेकरू नाही. इथे हे गेले तर आम्ही दोघी उघड्यावर. तिकडे ते गेले तर सासूबाई रडतील, पण सासूबाईंना हे आहेतच. कसंही मांडलं तरी हिशोब हाच येतो. मी सारखं सारखं मांडून पाहिलं.

मला वहिनी म्हणताना ते मान खाली घालतात. लग्नात माझा शालू खिळ्यात अडकला तो त्यांनी सोडवला, तेव्हा दहा वर्षांचे होते —

पावशेर कणीक घेतली. उजवा भाग थोरला. डावा निमुळता. खोबण. खालून खोच एक. पत्रावरचा अंगठा कणकेवर दाबला, शाई चांगली उतरली. दिवेलागण झाली तेव्हा कोनाड्यात ठेवलं. कडी उघडली तेव्हा बेबी माझ्या पायाशीच होती. ह्यांना गुळाचं पाणी पाजायला बाहेर आले, तेवढाच वेळ ती आत —

तेवढाच.

सोमवार, १३ डिसेंबर.

हे उठत नव्हते. श्वास होता. तोंडाला उग्र वास.

कोनाड्यातलं उचललं. सहज उचललं. भावजी पैलवान आहेत, त्यांचं दोन शेर तरी — हे हलकं. एका हातात आलं.

मळली. लाटल्या. चारच झाल्या.

पाण्यात कुस्करून चमच्याने भरवल्या. दहा वाजता हे उठून बसले. माझं नाव घेतलं. आज कोणता वार म्हणून विचारलं. हनुवटीचं रक्त थांबलं.

आईची ओटी भरली.

दुपारी.

ह्यांच्या कुशीवर तळवा ठेवला. ठस्स! रडूच आलं. भरलेलं आहे. पण तळवा थोडा सरकवला की पोकळ. परत आत आणलं, भरीव. सरकवलं, पोकळ. बोटांनी मापलं.

चार बोटं.

नवं आहे, वाढेल. पत्रावरचा अंगठा, पुरा माणूस थोडाच. म्हणून कमी आलं असेल. असंच असेल.

अंजनीबाईंना विचारलं की अमरावतीचं आईला पोचतं ना? म्हणाल्या की आईला शाई काय कळते, आईला बोट कळतं.

मंगळवार, १४ डिसेंबर.

हे कामावर गेले.

एक लिहायचं राहिलं. काल मळायच्या आधी उलटं करून पाहिलं होतं. खालून मी खोच एकच केली होती. दोन होत्या. दुसरी बारीक. खोल. तीत नखाची चंद्रकोर.

बेबीला कणकेत बोट घालायची सवय आहे. मी तिला रागावतेही. मी ती खोच पाहिली आणि — मळली. हे मरत होते. पाहिली आणि मळली.

बेबीने सकाळी एक पोळी खाल्ली. मग दुसरी. मग डब्यातला गूळ. तिचे हात थरथरतात. पेरूची फांदी लागून कोपर खरचटलंय — फडकं तीनदा बदललं —

वर्गाला गेले नाही.

गुरुवार, १६ डिसेंबर.

पत्राचा खर्डा.

ती. गं. भा. सासूबाईंच्या चरणी हेमलतेचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडील सर्व खुशाल. ह्यांची प्रकृती आता उत्तम असून कामावर जातात. पत्रास कारण की, अच्युतभावजींची तब्येत कशी आहे ते कळावं. आखाड्यात जातात का? अन्न जातं का? रविवारच्या रात्रीपासून त्यांना काही झालं असेल, अशक्तपणा, जास्त भूक, हात कापणं, लागलेलं रक्त न थांबणं, तर काही न लपवता लिहावं. ह्यांना काळजी वाटेल म्हणून लपवू नये. आजारी असल्यास आजारी आहेत असंच लिहावं. मी आईपुढे रोज दिवा लावून हेच मागते की ते आजारी —

हे खोडायचं.

सासूबाई, भावजी ठणठणीत आहेत असं मात्र लिहू नका. तुमच्या पाया पडते. तसं उत्तर आलं तर मग रक्ताचं दुसरं कोण राहतं —

बेबी मांडीवर झोपलीय. दुपारपासून उठवून उठत नाही. तोंडाला तोच वास. झगा वर केलाय. तळवा ठेवलाय. वाजवलं नाही. तुमचं पत्र येईपर्यंत वाजवणार नाही. ती हलली तर — नाही, हलत नाही. सासूबाई, टपाल चार वाजता निघतं, भावजी आजारी आहेत एवढी एक ओळ, दुसरं काही नको, उलट टपाली कळ